हात लावू नये

आमच्या शेजारच्या भोईरदादांच्या घरी पंखा लावायचा तर परवानगी लागायची. तोंडी नव्हे, लेखी.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मे महिना होता. खुर्चीत बसण्याआधी मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तर आतल्या खोलीतून आवाज आला, "परमिट हाय का?"

स्विचबोर्डावर सुतळीने लाल पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली चार ओळी होत्या: तारीख, वेळ, कारण आणि 'पाटी काढण्याचा अधिकार'. शेवटच्या ओळीपुढे नाव होतं, ह. ल. भोईर.

शेजारी खिळ्याला एक वही लटकत होती. मी ती चाळली. 'सकाळी ९.१०. मिक्सर. खोबऱ्याची चटणी. दोन मिनिटं. सुमन भोईर.' त्याखाली दादांची सही आणि 'मंजूर'. पुढच्या पानावर, 'सकाळी १०.०५. मिक्सर. आलं-लसूण.' त्याखाली 'नामंजूर. टेस्टिंग चालू.' म्हणजे या गृहस्थांनी स्वतःच्या बायकोचं आलं-लसूण नामंजूर केलं होतं.

सुमनवहिनींनी महिनाभरातच मिक्सर माळ्यावर टाकला आणि पाटा-वरवंटा खाली काढला. "दगडाला परमिट लागत नाय," त्या मला म्हणाल्या.

हा सगळा कडेकोट बंदोबस्त एका कम्प्युटरसाठी होता; दुसरं काही लावलं की व्होल्टेज पडून तो बंद पडेल, ही दादांना भीती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. रोह्याजवळच्या आमच्या वरशात तेव्हा कम्प्युटर मोजकेच, आणि ज्यात टीव्ही दिसतो असा एकच, भोईरदादांचा. त्यांनी तो पनवेलहून जुळवून आणला होता. आत टीव्हीचं कार्ड बसवलं होतं आणि सोबत मिळालेल्या सीडीवरचा प्रोग्राम टाकला होता. त्यात चालू कार्यक्रम रेकॉर्ड करता येतो, असं खोक्यावर लिहिलं होतं. खोक्यावर लिहिलेलं आणि घरात घडणारं यातलं अंतर भरून काढण्यात दादांचा दिवस जायचा.

"घरात टीव्ही आहे की," मी म्हणालो, "मग हा कशाला?"

"टीव्ही दाखवतो न विसरून जातो," दादा म्हणाले. "ह्याच्या लक्षात राह्यला पायजे."

बावीस वर्षं ते धाटावकडच्या एका रसायनांच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. नोकरी सुटली तरी कंपनी त्यांच्यातून गेली नव्हती. कम्प्युटरला ते 'प्लँट' म्हणायचे. तो बंद पडला की 'ट्रिप झाला'. स्टॅटिकचा झटका मशीनला बसू नये म्हणून घरात रबरी तळाचे सेफ्टी बूट घालून बसायचे, खाली लुंगी आणि वर गंजीफ्रॉक. लॉगबुक तर शिफ्टप्रमाणेच. 'फर्स्ट शिफ्ट. चित्र ठीक. आवाज शून्य.' अशी ओळ सलग नऊ दिवस होती. त्या नऊ दिवसांत त्यांनी अँटेना उतरवली, केबलवाल्याशी भांडण केलं, स्पीकर उघडून परत जोडले. दहाव्या दिवशी खोक्याच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, एक वीतभर वायर सापडली. ती टीव्हीच्या कार्डापासून आवाजाच्या कार्डापर्यंत जोडायची होती. लॉगबुकात दादांनी प्रामाणिकपणे नोंदलं, 'मशीनची चूक नाही. ऑपरेटरने पिशवी पूर्ण रिकामी केली नव्हती.'

मला ते 'पत्रक' म्हणायचे. मी पेणच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. सकाळच्या गाडीने जायचो, आणि संध्याकाळी येताना पिशवीत कामगारांची पत्रकं असायची, बरीचशी मीच लिहिलेली. "काय पत्रक, आज कोणावर?" असं विचारून दादा कागद हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि परत द्यायचे. "ह्यात अलार्म भरपूर हाय. रीडिंग कुठाय?"

मला राग यायचा, आणि त्याला कारण होतं.

तीन वर्षांपूर्वी त्या कारखान्यात नामदेव म्हात्रे मेला. कासूचा. भोईरदादांच्याच गावचा, त्यांनीच कामाला लावलेला. रसायन ढवळायच्या टाकीत तो साफसफाईला उतरला होता. तो आत असताना ढवळणी चालू झाली. अशा कामाआधी उतरणाऱ्याने स्विचवर स्वतःच्या नावाची लाल पाटी लावायची आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची, असा तिथला नियम. अपघातानंतर स्विचवर पाटी नव्हती. म्हणून चौकशीत लिहिलं गेलं की मृतानेच सुरक्षेचे नियम पाळले नाहीत. माणूस मेला आणि दोषीही तोच ठरला. मी पत्रक काढलं, 'पाटी कुणी काढली?'

त्या पाळीला कंट्रोल रूममध्ये भोईरदादा होते. मी त्यांना तीनदा विचारलं, काय घडलं ते लिहून द्या. तिन्ही वेळा ते बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधत बसले आणि म्हणाले, "उद्या ये." ज्याला सगळं माहीत आहे तो माणूस गप्प राहून टीव्हीशी खेळतो, हे मला सहन होत नव्हतं. तसं मी त्यांना तोंडावर बोललोही.

तेव्हा त्यांनी मला खरं कारण सांगितलं, पण अर्धं.

नामदेव कासूच्या नाचमंडळात होता. गौरीच्या नाचात पायात चाळ बांधून रिंगणाच्या पुढं तोच असायचा. काही वर्षांपूर्वी टीव्हीवाले गावात येऊन तो नाच टिपून गेले होते. वीस मिनिटांचा कार्यक्रम एकदा लागला आणि गेला. पुढे उधाणाला बांध फुटला, घरात खारं पाणी शिरलं, त्यात नामदेवच्या लग्नाचे फोटो गेले. त्याच्या बायकोकडे, पार्वतीकडे, आता एकच फोटो उरला होता, कंपनीच्या गेटपासावरचा. त्यात बरोबर तोंडावर कंपनीचा शिक्का होता.

"दोन वर्षं पोस्टकार्ड टाकतोय टीव्हीवाल्यांना," दादा म्हणाले. "परत लावा म्हणून. आता उत्तर आलंय. पुढच्या महिन्यात रविवारी सकाळी धा वाजता लावणार. एकदाच. पार्वतीला दाखवायचाय मला तो. हलताना, हसताना. तवर प्लँट तयार पायजे."

मी मान डोलावली, पण मनात आलं की मेलेल्या माणसाला न्याय द्यायचा सोडून हे त्याचं चित्र जमवत बसलेत.

महिनाभर चाचण्या चालल्या. आता चित्र होतं, आवाज होता, पण रेकॉर्डिंग मध्येच बंद पडायचं. रोह्याच्या बाजारातल्या कम्प्युटर क्लासवाल्याला बोलावलं. त्याने दोन मिनिटं बघून सांगितलं, "काका, फॉरमॅट मारा."

"म्हणजे?"

"सगळं पुसायचं आणि नव्यानं टाकायचं."

दादांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. "कंपनीत पण हाच इलाज," ते मला म्हणाले. "कुठं बिघडला ते बघायचं नाय. पुसायचं न चालू करायचं."

मग ते स्टॉपवॉच घेऊन बसले. सोळा वेळा रेकॉर्डिंग केलं. सोळाही वेळा ते अकरा मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास थांबलं. सोळाही फायलींचा आकार जवळजवळ तोच. दादांनी आकडे एकाखाली एक लिहिले, त्यांच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "टाकी भरते रे."

"कसली टाकी?"

"फायलीची. ह्या मशीनला एक फाइल ह्याच्यापेक्षा मोठी करता येत नाय. टाकी भरली की पंप बंद. दर वेळेला एकाच जागी ट्रिप होतो म्हणजे मशीन बरोबर हाय. दुसरी टाकी लावायची."

चित्र लहान केलं असतं तर वीस मिनिटं एका फायलीत मावली असती. तेही करून पाहिलं. माणसं तांदळाच्या दाण्याएवढी झाली. "चेहरा दिसला पायजे," दादा म्हणाले आणि तो मार्ग संपला. उरला मार्ग दोन फायलींचा. पहिली थांबवायची, तिला नाव द्यायचं, दुसरी चालू करायची. या बदलीला सुरुवातीला अर्धं मिनिट लागायचं. दादांनी सराव करून तो वेळ चौदा सेकंदांवर आणला. मधे निवेदक बोलायला लागतो हे त्यांना आठवत होतं. बदली तेव्हाच करायची असं ठरलं.

त्या रविवारी साडेनऊला मी गेलो. नवी पाटी टांगलेली होती. फ्रीज बंद, पंखा बंद, चूल आधीच आटोपलेली. वहिनी स्विचबोर्डाखाली पाट टाकून पहाऱ्याला बसल्या होत्या. दादांनी गंजीफ्रॉकवर कंपनीचा जुना निळा शर्ट चढवला होता.

दहा वाजता कार्यक्रम लागला. कासूची खाडी दिसली, मिठाचे ढीग दिसले. ढोलकी सुरू झाली. रिंगण लांबून दिसत होतं, चेहरे ओळखू येत नव्हते. दादांचा हात माऊसवर, नजर स्टॉपवॉचवर. नऊ मिनिटं झाली आणि निवेदक दिसला. दादांनी पहिली फाइल थांबवली, नाव टाइप केलं.

निवेदक एकच वाक्य बोलला. पडद्यावर एकदम रिंगण आलं, अगदी जवळून, आणि समोर नामदेव. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. घामेजलेला, पुढचा एक दात तुटलेला, कॅमेऱ्यात बघून हसणारा.

"चालू करा, दादा," मी म्हणालो. "चालू करा."

दादांचा हात माऊसवरून वर उचलला गेला आणि हवेतच राहिला.

"दादा, जातोय तो. चालू करा."

ते उठले. बूट धपधप वाजवत स्विचबोर्डापाशी गेले. पाटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, तिच्यावरचं नाव बोट फिरवून वाचलं. इकडे नामदेव हसत होता आणि कुठेच नोंदला जात नव्हता. मशीनला हात लावायची माझी छाती झाली नाही.

"पाटी हाय, ओ," वहिनी हळू म्हणाल्या. "तुमच्याच नावाची हाय. आत कोण नाय. मी बघितलाय. या, बसा."

दादा परत येऊन बसले आणि बटण दाबलं. पंचेचाळीस सेकंद गेले होते. नामदेव तोवर वळला होता. पुढची दहा मिनिटं रिंगण फिरत राहिलं, कधी लांबून, कधी पायांचंच चित्र. त्याचा चेहरा पुन्हा आला नाही. एकदा फक्त तो पाठमोरा जवळून गेला, उजवा हात वर करून, आणि जाता जाता मान वळवायला लागला तेवढ्यात चित्र बदललं.

दादांनी लॉगबुक उघडलं. लिहिलं, 'बदली ४५ सेकंद. मशीन ठीक. ऑपरेटर थांबला. कारण', आणि पेन खाली ठेवलं.

मी म्हणालो, "मी ओरडायला नको होतं."

"तू बरोबर बोललास," दादा म्हणाले. "त्या पाळीला साहेबानं पण हेच शब्द सांगितले व्हते. इंटरकॉमवर. चालू कर. मी इचारलं, पाटी बघितली का? तो म्हणाला, बघितली, पाटी नाय, चालू कर. पाटीचा स्विच खाली, धा पावलांवर. मी बघायला उठलो नाय रे. बसल्या जागेवरून बटण दाबला."

वहिनी स्विचबोर्डाखालून हलल्या नाहीत. त्यांना हे माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

पुढच्या रविवारी पार्वती म्हात्रे कासूहून गाडीने आली. मीच तिला स्टेशनवरून आणलं. मिठागरात काम करणारी बाई, टाचा मिठाने फाटलेल्या, बोलणं कमी. दादांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि आधीच सांगितलं, "चेहरा चुकला माझ्या हातून. पाठच हाय."

तिने बघितलं. पाठमोरा माणूस हात वर करून गेला. "तोच," ती म्हणाली. "लग्नात पण असाच. फोटो काढायला बोलावला का पाठ फिरवून नाचायचा." आणि ती हसली.

ते हसणं संपायच्या आत दादा बोलले. खाली बघत, एका दमात, वेळेसकट. कुणाचा आवाज होता, काय शब्द होते, किती पावलं होती. शेवटी म्हणाले, "पाटी कुणी काढली मला ठाव नाय, पार्वती. बटण मी दाबला."

पार्वती पडद्याकडेच बघत होती. तशीच म्हणाली, "परत लाव."

दादांनी परत लावलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी त्यांनी तिचा हात धरून माऊसवर ठेवला, कुठं दाबायचं ते दाखवलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. बूट काढले. मग शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्याकडे दिला. लॉगबुकाचं पान होतं. 'कारण' या शब्दापुढे पानभर मजकूर होता, खाली त्यांचं पूर्ण नाव आणि सही.

"छाप," ते म्हणाले. "अलार्म घालू नको तुझा."

आतून ढोलकीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा स्विचबोर्डावर नजर गेली. लाल पाटी जागच्या जागी होती. 'पाटी काढण्याचा अधिकार' यापुढचं ह. ल. भोईर खोडलेलं होतं, आणि त्याच्या वर, नव्या शाईत, दादांच्याच अक्षरात, पार्वती नामदेव म्हात्रे असं लिहिलं होतं.