वडिलांकडील रकाना

फॉर्म एकाच पानाचा होता, आणि राजानंदने आयुष्यात हजारो फॉर्म भरले होते. राजूरच्या गणपतीच्या कमानीजवळ त्याचं सेवा केंद्र होतं. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, निराधार पेन्शन, गावाचं सगळं सुखदुःख त्याच्या कीबोर्डवरून जायचं. समोरचा माणूस चाचरू लागला की तो हात आवरून बसायचा आणि म्हणायचा, "बराबर सांगा, मंगच लिहितो." तेव्हा जालन्याच्या दवाखान्यात कंपाउंडरने पॅडला लावलेला कागद पुढे केला, तो सत्यशीलाने न बघताच नवऱ्याकडे सरकवला यात नवल नव्हतं. तिच्या मांडीवर सात महिन्यांचा प्रेम होता. त्याचे गाल लालबुंद झाले होते, कोपरांच्या घड्या ओल्या दिसत होत्या, आणि तो आईच्या पदरावर तोंड घासत रडत होता.

राजानंदने भराभर लिहायला सुरुवात केली. बाळंतपण सिझेरियन. जन्म पावसाळ्यात. पहिल्या तीन महिन्यांत औषधं दिली का, तर दिली, दोनदा, खोकल्याची. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर धरणारं. घरात जनावर, एक शेळी. मग खाली दोन रकाने आले. 'दमा, सततच्या शिंका, त्वचेची खाज : आईकडील.' त्याने बायकोला विचारलं, ती नाही म्हणाली, त्याने लिहिलं, निरंक. शेजारच्या रकान्यावर 'वडिलांकडील' असं होतं. तिथे पेन थांबलं.

कारण तो रकाना भरायचा तर पान पुरलं नसतं. राजानंद पाळण्यात असल्यापासून खाजवत आला होता. शाळेत त्याला 'खाजऱ्या' म्हणत, मास्तरसुद्धा चुकून हजेरीला तेच म्हणून गेले होते. वयात आल्यावर खाज बरीच ओसरली, पण मुलगी बघायला शहागडला जायच्या दिवशी, भर मे महिन्यात, नेमका कोपरात लाल पट्टा उठला. त्याच्या आईने, झुंबरबाईने, त्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, मनगटापर्यंत गुंड्या लावल्या आणि बजावलं, "हात मांडीवर ठेव. कितीबी खाजलं तरी हालू नको." तो हलला नाही. पाहुण्यांनी पोरगं फार स्थिर आहे म्हणून कौतुक केलं. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी दर थंडीत पट्टा उठला की तो बायकोला सांगायचा, डास चावले. हे डास फक्त कोपराच्या आतल्या बाजूला चावतात, याचं सत्यशीलाने कधी आश्चर्य दाखवलं नव्हतं.

आता हे कागदावर लिहायचं म्हणजे बायकोला सांगायचं, की तुझ्या लेकराचे हाल माझ्यामुळे आहेत, आणि तुझ्या बापाला मी गुंड्या लावून फसवलं. राजानंदने इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं, निरंक.

डॉक्टर संध्या मॅडमनी कागद वाचून भुवया उंचावल्या. दोन्हीकडे काहीच नाही म्हणता, म्हणाल्या, मग घरातलं काय खुपतंय ते बघू. साबण, लोकर, धूळ, जनावर, यावर लक्ष ठेवा. आंघोळ थोडकी घाला, अंग ओलं असतानाच मलम भरपूर चोपडा, तीन आठवड्यांनी या. राजानंदला त्यातलं 'भरपूर' ऐकूच आलं नाही. त्याला ऐकू आलं ते एवढंच, की घरात गुन्हेगार आहे आणि तो आपणच शोधून द्यायचा आहे. नाहीतर मॅडम पुन्हा त्या रकान्याकडे वळतील.

पहिला संशय शेळीवर आला. संध्याकाळी त्याने झुंबरबाईला समजावलं, की महिनाभर शेळी मावशीकडे ठेवू. झुंबरबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. तिने सून बाहेर गेल्याची खात्री केली आणि शांतपणे म्हणाली, "शेळी गेली तर माझं बी तोंड जागेवर ऱ्हायचं न्हाई, राजा."

त्याच रात्री शेळी निर्दोष सुटली. राजानंदने बायकोला सांगितलं, की शेळी बाहेर असते, वाऱ्यावर असते, तिचा काही संबंध दिसत नाही. पण गुन्हेगार तर हवाच होता. आईच्या वस्तूंना हात लावायची सोय नाही म्हटल्यावर उरलं काय, तर सासरवाडीहून आलेलं सामान. सासूबाईंनी, नंदाबाईंनी, डोळ्यांना चष्मा नसताना विणलेलं लोकरीचं टोपरं आणि स्वेटर आधी गाठोड्यात गेलं. चार दिवसांत फरक नाही. मग त्यांनी पाठवलेली शिकेकाई गेली. मग शहागडच्या सुताराने केलेला पाळणा माळ्यावर गेला, कारण म्हणे पॉलिशचा वास. प्रेम झोळीत झोपू लागला आणि झोळीत खाजवू लागला.

मलमाचं आणखी वेगळं होऊन बसलं होतं. राजानंदने फोनवर कुठलातरी व्हिडिओ पाहिला आणि त्याला धडकी भरली, की मलमाने कातडी पातळ होते. त्या दिवसापासून तो गव्हाच्या दाण्याएवढं मलम बोटावर घेऊन लेकराच्या सगळ्या अंगाला पुरवू लागला. ट्यूब तीन आठवडे टिकली, याचा त्याला थोडा अभिमानही वाटला.

फरक पडेना तशी त्याची भीती वाढत गेली. आता तो सत्यशीलाच्या ताटापर्यंत पोहोचला. बाळ अंगावर पितं, तेव्हा आईच्या पोटात जाईल ते बाळाच्या अंगावर येत असणार, असा त्याने हिशेब मांडला. शहागडहून येणारे गोदावरीचे मासे बंद झाले. अंडी बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, दूध बंद. बाळंतीण वरणभात आणि दोडक्यावर आली. दहा दिवसांत तिच्या गालांची हाडं दिसू लागली, आणि एकदा नळाजवळ उभ्या उभ्या तिला गरगरलं तेव्हा राजानंदने धावत जाऊन तिला सावरलं. सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याने तिला फक्त गूळपाणी दिलं. माणूस एकदा खोटं लिहून बसला की त्या खोट्याची चाकरी करावी लागते, आणि ती चाकरी आता घरातली सगळीच माणसं करत होती.

सत्यशीला फार बोलणारी बाई नव्हती. पण त्या संध्याकाळी तिने दोडक्याचं ताट बाजूला सारलं.

"एक विचारू का? स्वेटर माझ्या माईचं, शिकेकाई माझ्या माईची, पाळणा माझ्या बापाचा, मासे माझ्या गावचे. माझ्या माहेरचं तेवढंच बाधून राह्यलं का लेकराला?"

राजानंदने मान खाली घातली. झुंबरबाईने एकदम शेळीला पाणी पाजायचं काढलं, जी नुकतीच पाणी पिऊन बसली होती.

सत्यशीलाने माहेरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी नंदाबाई जालन्याहून बस बदलून राजूरला उतरल्या. हातात पिशवी नव्हती, आणि हेच भयंकर होतं, कारण नंदाबाई पिशवीशिवाय लेकीकडे कधी आल्या नव्हत्या. जय भीम झाला, पाणी झालं. मग त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं, लेकीच्या गालांकडे पाहिलं, आणि जावयाशी अत्यंत आदराने बोलल्या.

"जावईबापू, उद्या दवाखान्याची तारीख हाय म्हणं. मी बी येते. आमच्या घरच्या कोणत्या वस्तूनं लेकराला तरास झाला, ते डाक्टरीन बाईच्या तोंडून ऐकायचं हाय मला. मंग ती वस्तू मी गोदावरीत टाकून देते."

राजानंदने "हो मामी" म्हटलं. डॉक्टर बाई एकाही वस्तूचं नाव घेणार नाहीत, आणि मग सासूबाई कोणाचं नाव घेतील, हाच विचार तो रात्रभर करत राहिला. सकाळी निघताना झुंबरबाईने त्याला गोठ्याआड गाठलं. आता तीही घाबरली होती. ज्या बाईने मुलाला गुंड्या लावल्या ती कोण, हा प्रश्न ओघाने येणारच होता. तिने कळवळून सांगितलं, की काहीही झालं तरी कबूल होऊ नको, या वयात माझी अब्रू जाईल. राजानंद बसमध्ये बसला, तेव्हा त्याच्या दोन्ही कोपरांत आग पेटली होती. भीतीने त्याची खाज नेहमीच वाढायची. सासूबाई शेजारच्या बाकावर होत्या. त्याने हात मांडीवर ठेवले आणि जालना येईपर्यंत हलला नाही.

संध्या मॅडमनी प्रेमला तपासलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. खाजेत काहीच उतार नव्हता. काय काय बदललं, असं त्यांनी विचारल्यावर सत्यशीलाने यादी सांगितली. टोपऱ्यापासून दोडक्यापर्यंत. मॅडम ऐकतच राहिल्या. बाळंतिणीचं खाणं बंद करायला मी कधी सांगितलं, असं त्यांनी विचारलं, आणि तिघींच्या नजरा राजानंदवर आल्या. मॅडमनी फाईल उघडून पुन्हा तो कागद पाहिला.

"घराण्यात काही नाही, घरातलं सगळं काढून झालं, तरी हे असं. मग रक्त तपासून घेऊ. सिस्टर, जरा हात धरा बाळाचा."

सिस्टरने ट्रेमधून सुई काढली. प्रेमच्या गुबगुबीत हातावर शीर काही सापडेना. तिने दंड आवळला, टिचकी मारली, उलटापालटा केला. प्रेमने आधी तिच्याकडे कुतूहलाने पाहिलं, मग खालचा ओठ हळूहळू बाहेर काढला. राजानंदला तो ओठ पुरता ओळखीचा होता. सुई टेकायला आली आणि त्याला आईची अब्रू, सासूबाई, शहागड, काही काही आठवेना.

"थांबा," तो म्हणाला. "रक्त काढू नका. ही खाज माझी हाय."

आणि कोणी काही विचारायच्या आत त्याने बाही वर केली. कोपराच्या घडीत लाल, चिरा पडलेला पट्टा होता. मॅडमनी तो पाहिला, मग प्रेमचा कोपर पाहिला. तीच जागा, तोच आकार, फक्त माप लहान. राजानंद एका दमात सगळं बोलून गेला. पाळण्यापासूनची खाज, शाळा, मे महिना, गुंड्या, डास. आत्याला दमा आहे, चुलत्याला पहाटे चाळीस शिंका येतात, हेही सांगून टाकलं. बोलून संपल्यावर तो डोळे मिटून उभा राहिला. आता बायको रडेल, सासूबाई लेकीला आणि नातवाला घेऊन शहागडच्या बसमध्ये बसतील, एवढंच त्याला दिसत होतं.

मॅडमनी सिस्टरला सुई ठेवायला सांगितलं. कोरडी कातडी अशी घराण्यातून येते, म्हणाल्या. दमा, शिंका आणि ही खाज, तिन्ही एकाच घरची लेकरं. यात कोणाचा दोष नसतो. मलम मात्र चोळून चोळून संपवायचं असतं, जपून ठेवायचं नसतं. आईने आजपासून पोटभर जेवायचं, मासेसुद्धा.

राजानंदने एक डोळा उघडला. सत्यशीला रडत नव्हती. ती त्याच्याकडे विचित्र नजरेने बघत होती.

"म्हणजे तुम्ही लिहिलंच नव्हतं?" ती म्हणाली. "मी समजत होते, लिहिलंय म्हणून. तरी डॉक्टर शोधा म्हणतेत, तर असंल काहीतरी, म्हणून मी दोडका खाऊन राह्यले."

"तुला म्हायीत होतं?"

उत्तर नंदाबाईंनी दिलं. त्यांचा आवाज अजूनही आदराचाच होता. "तुम्ही बघायला यायच्या आधी तुमचे मामा, हिचे वडील, चौकशीला राजूरला आल्ते, जावईबापू. कमानीपाशी तुमचं नाव इचारलं, तर लोकं म्हणले, कोणता राजानंद, खाजऱ्या का? ते घरी येऊन बोलले, पोराच्या अंगाला खाज हाय, पण आख्खं गाव म्हणतंय का त्यो खोटं बिलकुल लिहीत न्हाई. खाज काय, मलमानं जाईन. पोरगी देऊन टाकू."

प्रेमचा ओठ परत आत गेला होता. तीन आठवडे राजानंद ज्याला भीत होता ते घडून गेलं, आणि त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं. आता मात्र त्याला खरंच कुठे तोंड लपवावं ते कळेना. खाज तर सासऱ्यांनी कधीच माफ करून टाकली होती. त्यांनी पोरगी दिली होती ती दुसऱ्याच कशाच्या भरवशावर.

मॅडमनी 'निरंक'वर आडवी रेघ मारली, कोरा फॉर्म काढला आणि बाहेर बसून नीट भरून आणा म्हणून सांगितलं. बाहेरच्या हॉलमध्ये वीसेक माणसं बसली होती. बाकावर टेकताच राजानंदने सवयीने खिशातलं पेन काढून हात पुढे केला.

सत्यशीलाने लेकराला आईच्या मांडीवर दिलं, फॉर्म स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि पर्समधून आपलं पेन काढलं.

"वडिलांकडील," तिने वाचलं. "हं, सांगा. मोठ्यानं सांगा, मला ऐकू आलं पायजे."

राजानंदने हॉलमधल्या माणसांकडे एकदा पाहिलं, आणि सुरुवात आत्यापासून केली.