साठ फुटांवरची टाकी

ढाणकीच्या सरकारी बंगल्यात ओव्हरसियर बाबारावसाहेबांना आंघोळीचे पाणी बादलीने येत असे, आणि बादलीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. चौकीदार उकंडा तांब्याचा बंब पेटवायचा, त्याची बायको सत्यभामा विहिरीवरून घागरी आणायची, साहेब न्हायचे. इतके सुरळीत चालले असताना खाते गप्प कसे बसणार? एकसष्ट साली यवतमाळहून गरम पाण्याचे यंत्र आले. सोबत दहा फुटांवर बसवायची टाकी, आणि एक पितळी नग: दाब-न्यूनीकरण झडप. गफ्फार मिस्त्रीच्या भाषेत, वाल.

टाकी आल्यामुळे घागरीचे काम संपुष्टात आल्याचे खात्याने लेखी कळवले. सत्यभामेचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हते, म्हणून तिला कमी करण्याचाही प्रश्न आला नाही. उकंडाला मात्र 'झडपरक्षक, हंगामी' असे पद मिळाले. अकरा वर्षे हंगामी राहिलेल्या माणसाला नवे पदही हंगामीच मिळावे, याचे त्याला वाईट वाटले नाही, कारण हुकमात पुढे लिहिले होते: तपासणीत झडप उत्तम आढळल्यास इसमास कायम करावे.

मग काय विचारता! दर तीन महिन्यांनी झडप उघडावी, जाळी धुवावी, रबरी पडदा पाहावा, दोन्ही बाजूंच्या दाबमापक काट्यांचा आकडा नोंदवावा, असा नियम होता. उकंडा हे सगळे दर आठवड्याला करी. वर चिंच लावून झडप अशी घासायचा, की साहेब तिच्यात बघून दाढी करीत.

काटे मात्र हलेनात. वरच्या बाजूला चार पौंड, खालच्या बाजूला चार पौंड. उकंडाने गफ्फार मिस्त्रीला बोलावले. गफ्फार बाजारात तेलाची इंजिने दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याला खरे बोलायची सवय होती.

"काटा हालन कायले, उकंडाभाऊ? टाकी दहा फुटांवर. दाबच नाही तं वाल कमी काय करन? काढून फेक, सीधा पाइप जोडतो."

"वाल काढला तं मी रक्षण कायचं करू?"

गफ्फारने आपली हत्यारे गोळा केली. बाबारावसाहेबांनी यवतमाळला लिहिले, की झडप निर्दोष असून कमी करण्याजोगा दाब उपलब्ध नाही. सहा महिन्यांनी उत्तर आले: ज्या अर्थी झडप मंजूर आहे, त्या अर्थी दाब असणे क्रमप्राप्त आहे. वरच्या बाजूस पंचवीस पौंड दाब निर्माण व्हावा म्हणून टाकी साठ फुटांवर नेण्यात यावी.

उकंडा हरखून घरी गेला. सत्यभामा गुडघ्याला एरंडाचे पान बांधून भाकरी थापत होती.

"टाकी वर जाऊन राह्यली," तो म्हणाला.

"किती वर?"

"साठ फूट."

तिचा हात थांबला. चुलीत लाकूड सरकवून तिने विचारले, "मंग नोकरी पक्की होईन ना?"

"होईन म्हणतेत."

"मंग जाऊ द्या वर."

लोखंडी मनोरा उभा राहिला. बाजाराला येणारी माणसे माना वर करकरून तो बघत आणि आपल्या गावाची प्रगती झाली म्हणत. वरचा काटा पंचविसावर आला. खालचा नियमाप्रमाणे दहावर यायला हवा होता, तो दोनवर अडकून बसला. आणि त्याच दुपारी तीन वाजता तपासणी अधिकारी हरिसिंगसाहेब येणार होते.

उकंडाने गफ्फारला बोलावणे धाडले. गफ्फार पाने-पकडी घेऊन धावत आला, झडप उघडली, जाळी काढली. जाळीभर चिंचेचा कोळ.

"अबे, वाल आहे का आमटी?" गफ्फार कपाळाला हात लावून म्हणाला. "आता जोरात पाणी सोडून धुवा लागन सारं. टाकी पुरी रिकामी होईन."

उकंडाने एकदा मनोऱ्याकडे पाहिले. "पुन्हा भरा लागन."

"भर मंग."

"तीन वाजेपर्यंत?"

"मी वालाचा मिस्त्री आहो, भाऊ," गफ्फार म्हणाला आणि त्याने तोटी सोडली.

तीनचे साडेचार झाले, कारण हरिसिंगसाहेबांची जीप उमरखेडच्या रस्त्यावर पंक्चर झाली. उकंडाने त्या पंक्चरला मनोमन हात जोडले. साहेब आले, त्यांनी चष्मा पुसला आणि काटे पाहिले. वर पंचवीस. खाली बरोबर दहा. तोटीतून वाफाळते पाणी शिस्तीत आले. बाबारावसाहेबांचे डोळे भरून आले. पंच म्हणून गावातल्या पाच प्रतिष्ठितांनी त्या पाण्याने हात धुतले आणि पंचनाम्यावर सह्या केल्या: यंत्र आपोआप चालते, मनुष्यबळ लागत नाही.

उकंडा कायम झाला. हुकूम हातात घेऊन तो घळाघळा रडला. हरिसिंगसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हाही तो वरच बघत होता. साहेबांना वाटले, देवाचे आभार मानतो आहे.

एवढे सगळे झाले, पण साठ फुटांवरच्या टाकीत पाणी चढते कसे, हे पाचांपैकी एकाही पंचाने विचारले नाही. त्यांना उगाच नावे ठेवू नका. टाकी दहा फुटांवर होती तेव्हा तुम्ही विचारले नाही, साठ फुटांवर गेली तेव्हाही नाही, आणि एरंडाचे पान तर तुम्ही डोळ्यांनी पाहिले होते. सत्यभामा अजून घागर घेऊन शिडीवर आहे. पंचनाम्यात सहाव्या सहीपुरती जागा उरली आहे, तेवढी करून टाका.