पगारे काका आणि डोळ्यांखालची सावली

पगारे काका माणसाच्या डोळ्यांत बघत नाहीत, डोळ्यांखाली बघतात. 'जय भीम', 'कसं काय', 'चहा झाला का' हे सगळं नंतर. आधी मान जरा तिरकी करून ते तुमची तपासणी करतात आणि निकाल देतात, "सावली पडलीय. अर्धी."

नाशिक रोडच्या या कॉलनीत मी राहायला आले, तेव्हा टेम्पोतून माझं कपाट उतरत होतं. एक उंच, सडसडीत गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "सावली बरीच आहे, मॅडम." मी म्हटलं, "हो ना, झाडं छान राखलीत तुम्ही." त्यांनी कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि घरातून दोन गार चमचे आणून, "डोळ्यांखाली धरा," म्हणत माझ्या हातात ठेवले. त्यांच्या फ्रिजमध्ये भाजी कमी आणि स्टीलचे चमचे जास्त असतात, हे मला पुढे कळलं.

काका प्रेसमध्ये छपाई तपासायचे. शाई कुठे पसरली, कुठे दाट झाली, हे पाहण्यात सगळी नोकरी सरली. रिटायर झाल्यावर तपासायला कागद उरला नाही, तेव्हा त्यांनी माणसं घेतली. पाव सावली, अर्धी, पाऊण आणि सर्वांत वाईट ती अमावास्या, अशी त्यांची प्रतवारी. उपदेशही ठरलेले. डोळे चोळणारा दिसला की, "डोळे म्हणजे काय खरकटी भांडी आहेत का घासायला?" कुणी लिंबू लावायचं म्हणालं की, "लिंबू वरणात पिळा. डोळ्याजवळ आणाल तर बघा!" एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाला हळदीतून उठवून त्याच्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या होत्या. नवरीकडच्यांना वाटलं, इकडची काहीतरी रीत असेल. त्यांनी नवरीलाही ठेवल्या.

आम्ही हसायचो. मग रोहिणीचं प्रकरण झालं.

रोहिणी तळमजल्यावर राहते. मुलगी चार महिन्यांची, नवरा सिन्नरच्या कंपनीत फिरत्या पाळीला, आणि सासूबाई कांद्याच्या हंगामात विंचूरला अडकलेल्या. बाळ रात्री जागायचं आणि दिवसा कोणाच्या तरी खांद्यावरच झोपायचं. तो खांदा एकट्या रोहिणीचा. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाचं निवेदन रोहिणी करते. आवाज असा की मागच्या रांगेतल्या बायका गप्पा थांबवतात. या वर्षी ती नाही म्हणाली. "हे तोंड घेऊन उभी राहू? शेजारच्या आहेर वहिनी म्हणाल्या, आजारी आहेस का. तीन क्रीम झाली लावून."

काकांनी मान तिरकी केली आणि हळूच म्हणाले, "अमावास्या."

दुसऱ्याच दिवशी दुपारी रोहिणीच्या घरातून जळका वास आला. आम्ही धावलो. गॅसवर दूध आटून पातेलं काळं झालेलं, आणि ही ओट्याला टेकून उभ्या उभ्या झोपलेली. बाळ खांद्यावर. काकांनी गॅस बंद केला, बाळ उचललं. रोहिणी दचकून जागी झाली आणि रडायलाच लागली.

"पोरी, आधी डॉक्टर," काका म्हणाले. "बाकी मी बघतो."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, झोप घ्या. "झोप लिहून देणं सोपं आहे," काका मला म्हणाले. "आणायची कुठून? आपणच पिकवायची."

दुसऱ्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की बाळ काकांच्या खांद्यावर आणि रोहिणी आतल्या खोलीत. काकांनी तिच्या बेलची वायर काढली. भंगारवाल्याचा भोंगा फाटकाबाहेर बंद. कांदे-बटाटेवाल्या गाडीला त्यांनी हात जोडून कोपऱ्यावर थांबवलं आणि गिऱ्हाइकं स्वतः घरोघरी जाऊन, कुजबुजत गोळा केली. आहेर वहिनींकडे फर्निचरचं काम चाललं होतं. काका बाळासकट त्यांच्या दारात गेले. वहिनी म्हणाल्या, "अहो, ड्रिल आवाज न करता चालतं का?"

"मग सकाळी चालवा. दुपारी मी सुतारांना चहा पाजतो."

आणि पाजला. कॉलनीत एवढी शांतता पसरली, की आम्हा सगळ्यांनाच दुपारची झोप लागू लागली. काका मात्र व्हरांड्यात येरझारा घालत, खांद्यावर ओली लाळ घेऊन, बाळाला छपाईतले दोष समजावत असायचे. "निळी शाई लबाड असते बरं का, छकुली."

पौर्णिमेच्या संध्याकाळी पांढरी साडी नेसून रोहिणी माइकसमोर उभी राहिली आणि पहिल्याच वाक्याला मागच्या बायका गप्प झाल्या. काका पहिल्या रांगेत बसून मान तिरकी करून बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे वळून घोषणा केली, "पाव! फक्त पाव! तीही जाईल!" ती इतक्या मोठ्यानं, की सगळ्या सभेनं टाळ्या वाजवल्या, कशाला ते न कळता.

खीर वाटताना आहेर वहिनींनी रोहिणीला गाठलंच. "कुठलं क्रीम गं?"

"पगारे काका," रोहिणी म्हणाली.

काका इतके खुश, की मला म्हणाले, "मॅडम, आज माझा एक फोटो काढा." मी काढला आणि दाखवला. त्यांचा चेहरा उतरला.

"हा कोण?"

"तुम्हीच की."

"डोळ्यांखालचं कुठं गेलं?"

"फोन आपोआप साफ करतो, काका. छान दिसताय."

"परत आणा ते."

मला गंमत वाटली. पण ते हसत नव्हते. "माझं जागरणाचं नाही, मॅडम. मी दिवेलागणीनंतर जेवलो की आडवा होतो. हे आईकडून आलंय. तिचं अस्संच होतं, लहानपणापासून. नांदगावकडं मजुरीला जायची, तिचा कोण फोटो काढणार? घरात एकसुद्धा नाही. दाढी करताना आरशात दिसते, तेवढीच."

मी फोनमधलं ते साफसफाईचं बटण शोधून बंद केलं आणि त्यांना दिव्याखाली उभं करून पुन्हा फोटो काढला. काकांनी फोन दोन्ही हातांत धरला. मान तिरकी करून पाहिलं. मग खिरीच्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या रोहिणीला त्यांनी खणखणीत हाक मारली.

"पोरी, बाळाला घेऊन इकडं ये! माझी आई बघ."