बावीस वर्षांच्या स्तोयान्काबाई

वय सगळ्यांचंच वाढतं. पण पन्नाशीनंतर माणसाला डोळेच उरत नाहीत, हा शोध मात्र टीव्हीवाल्यांचा. (कानांविषयी संशोधन चालू आहे.)

बल्गेरियात, रुसे शहरात राहणाऱ्या स्तोयान्काबाई एकाहत्तरीच्या, निवृत्त ट्रॉलीबसचालक. कोण काय पाहतं हे मोजणारी पेटी त्यांच्या टीव्हीला बसवली होती. घरच्यांनी आपलं बटण दाबायचं, पाहुण्यांनी वय सांगायचं. बाई इमानेइतबारे बटण दाबत. शनिवारी दुपारी होरो या तिथल्या लोकनृत्याच्या जुन्या फिती लागत आणि एखाद्या फितीत त्यांचा दिवंगत नवरा दिमो नाचताना दिसे. रांगेत तिसरा. टोपी सावरायचा की दिसेनासा व्हायचा. आठवडाभर बाई त्या टोपीवर काढत.

एके दिवशी वाहिनीने जाहीर केलं: महिनाअखेर कार्यक्रम बंद, कारण तरुण पाहत नाहीत. वाहिनीचं चुकलं कुठे? पन्नाशीपुढची माणसं दात घासत नाहीत, कपडे धूत नाहीत, खातपीतही नाहीत; त्यांना जाहिराती दाखवून काय उपयोग?

"मग इतकी वर्षं मी काय भिंत बघत होते?" बाई कडाडल्या.

"तुझं बटण मोजतंय कोण, बये!" शेजारचे गान्चो म्हणाले. "आपण कधीच गेलोय. पेन्शनपुरते उठतो, इतकंच."

"गप रे मेल्या. पाहुण्यांचं वय कोण तपासतं?"

पुढच्या शनिवारी चीज घातलेली गरम बनित्सा खायला अख्खा जिना बाईंच्या घरी लोटला. गान्चोंनी गुडघा चोळत पेटीला एकोणीस सांगितलं. स्वतः बाई पाहुण्या होऊन बावीसच्या झाल्या. वरच्या मजल्यावरच्या पेन्काबाई अठरा सांगताना चक्क लाजल्या.

तरुणाई होरोवर फिदा आहे, असं पेटीने कळवलं. वाहिनीने कार्यक्रम वाचवला. एवढंच नाही, तरुणांच्या आवडीचा मान राखून तो नवाही केला: रंगीत दिवे, धूर, तोकडे कपडे, जुन्या फितींना कात्री.

स्तोयान्काबाई ठरल्या वेळी टीव्हीसमोर बसल्या. धूर आला, दिमो आला नाही. त्यांना रडू कोसळलं.

"आता खरं वय सांगू या का गं?" गान्चोंनी हळूच विचारलं.

"सांगून बघ. पुन्हा म्हणतील, भिंत बघत होतात."

हसलात? हसा. पण गोष्ट इथवर वाचत आलात, त्यावरून तुमचं वय आम्हाला कळलं. कुणी विचारलं तर बावीस सांगा.