हलक्या हातानं

"हलक्या हातानं," असं नर्सबाईंनी दोनदा बजावलं होतं. रोज पोरीचे हातपाय चोळून द्या, जिवाचा घोर कमी होईल. पण पद्माबाईंचा जन्म ज्वारीचं पीठ मळण्यात गेलेला. हलका हात म्हणजे काय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिल्या बाळंतपणासाठी सरिता हिंगोलीकडच्या जवळा बाजार या गावाशेजारच्या खेड्यात माहेरी आली होती. त्या दिवशीही दिवस कलताना पद्माबाईंनी तिला बाजेवर बसवलं, करडीच्या कोमट तेलाची वाटी ओढली आणि तिचा पाय मांडीवर घेतला.

"भ्या वाटतं का गं?"

"न्हाई."

"मंग तळपाय असे गार काहून?"

"फरशीवर चालले म्हणून."

जावेच्या पहिल्या बाळंतपणात झालेले हाल सरितानं डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हापासून तिची झोप उडाली होती. पण बोललं तर आईचीही उडेल, म्हणून ती गप्प होती. पद्माबाई मात्र भीती पायातून पिळून काढायचीच, अशा इरेला पेटून चोळत होत्या. तेल घोट्यावरून बाजेवर आणि बाजेच्या सुतळीतून थेट शहाबादी फरशीवर ठिबकत होतं.

"आई, पुरे! खाली पाय टाकला तर घसरीन मी."

"मंग टाकू नको."

तेवढ्यात सरिताचे वडील शेषराव दुधाची बादली घेऊन आत आले. पुढची हकीकत बादलीनंच साऱ्या गल्लीला सांगितली.

"मेलो गं माय!"

भिंतीपलीकडच्या मोतीबाईंनी ती आरोळी ऐकली. आवाज पुरुषाचा आहे, हे घाईत त्यांच्या ध्यानात आलं नाही. "गुलाबसिंग, जीप काढ! पोरीला कळा सुरू झाल्या!" असं आपल्या पोराला ओरडून सांगत त्या धावल्या, उंबरा ओलांडला आणि दूध-तेलावरून सरकत थेट शेषरावांशेजारी जाऊन बसल्या.

"भाऊजी, तुमी हितं काहून बसले?"

"तुमचीच वाट पाहून राहिलो."

पद्माबाई चुलीतली राख आणून फरशीवर टाकू लागल्या. दोन कंबरा कण्हत पडलेल्या. शेवटी सरिताच पाय पुसून, गोणपाट अंथरून जपून खाली उतरली आणि मोतीबाईंची कंबर चोळू लागली.

"खाली, आनखी खाली... अगं, हलक्या हातानं! आईवर गेली पोरगी!"

शेषराव पालथे पडून आपली पाळी यायची वाट बघत होते. दारात जीपचा भोंगा वाजला. गुलाबसिंगनं आत डोकावलं आणि तो बुचकळ्यात पडला.

"पेशंट कोन हाय?"

"मला सोडून समदे," सरिता म्हणाली आणि पोट धरधरून हसली. पद्माबाई तर राखेचं टोपलं हातात घेऊन भिंतीला टेकून हसत होत्या. त्या रात्री कित्येक दिवसांनी सरिताला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हापशावर कळशी भरता भरता पद्माबाई खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत.

बाराव्यानंतर थोड्याच दिवसांत सरिताला खरोखरीच्या कळा सुरू झाल्या. गुलाबसिंगनं हिंगोलीच्या दवाखान्यात पोचवलं. "घाबरलीस का?" नर्सनं विचारलं. "न्हाई," सरिता सवयीनं म्हणाली. बाकावर तिच्याशेजारी शेषराव बसले होते. बायकांच्या त्या गर्दीत हात कुठं ठेवावेत, हे त्यांना कळत नव्हतं. धीराचं काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"तुझी माय असती तर समदं बराबर केलं असतं. मला काहीच जमत न्हाई. खरं सांगू का पोरी? मला लई भ्या वाटून राहिलं."

सरितानं त्यांच्याकडे पाहिलं. आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. उठता उठता तिनं त्यांचा हात घट्ट धरला आणि बाकावरच्या साऱ्या बाया वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली,

"मलाबी, बाबा! पयल्या दिवसापासून!"