बाराव्या चौकीची पोच

"एक नंबर, उठलात का? दोन नंबर, वणवा दिसतोय की तुमच्याच चहाचा धूर?" तिच्या लहानपणी वायरलेसवरून वडिलांचा आवाज असा यायचा, आणि डोंगरावरच्या बाराही वणवा-चौक्या एकदम हुंकार द्यायच्या. आता पायथ्याच्या कार्यालयात वायरलेसवर ती स्वतः बसायची. वडील होते शेंड्यावरच्या बाराव्या चौकीत, आणि दोघांच्या मध्ये ऊर्जाबचत.

योजना निर्दोष होती. प्रत्येक चौकीचा वायरलेस संच तासातून एकच मिनिट जागणार, खालचा निरोप घेणार, वर देणार आणि निजणार. बॅटऱ्या इतक्या वाचल्या की साहेबांना मानपत्र मिळालं. फक्त वेळापत्रकाप्रमाणे अकरावा संच डोळे मिटायचा तेव्हा बारावा उघडायचा, एवढंच.

अशात वडिलांच्या निवृत्तीचा आदेश निघाला. तिने घरी खिडकीपाशी खाट टाकली, नवी चादर अंथरली. आदेश टप्प्याटप्प्याने अकराव्या चौकीपर्यंत चढला. अकरावी तो तासातासाला वर पाठवी. पोच येत नसे. पोच नाही तर आदेश लागू नाही, आणि आदेश लागू नाही तर माणूस निवृत्त नाही. तीन महिन्यांत चादरीवर धूळ बसली.

अकराव्याला मिनिटभर जास्त जागवा, असं तिने सुचवलं. साहेबांना सूचना फार आवडली. मात्र वेळापत्रक बदलायला बाराही चौक्यांची पोच लागते.

"बाराव्याची आली की लगेच बदलू," ते मायेने म्हणाले.

"साहेब, ती येत नाही म्हणूनच तर बदलायचंय."

"म्हणून तर लगेच म्हटलं."

मग समिती बसली. समितीच्या सदस्यांनीही बचतीखातर आळीपाळीने जागायचं ठरवलं. ठराव कुणी मांडला, हे अनुमोदकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

अखेर रजा टाकून, आदेशाची प्रत पिशवीत घालून, ती डोंगर चढली. वडील पायरीवर वाटाणे सोलत होते. त्यांनी प्रत उलगडलीसुद्धा नाही.

"अकरावीवाला 'निवृत्त' शब्द जरा जास्तच ओढतो," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला ऐकू आलं होतं, बाबा?"

"पहिल्याच दिवशी. माझा संच मी कधी झोपवलाच नाही."

"मग पोच का नाही दिलीत?"

त्यांनी हातातली शेंग सावकाश सोलली.

"पोरी, इथं सगळे मिनिटभरच जागे असतात, पण तेवढं मिनिट कान देऊन ऐकतात. घरी तुम्ही दिवसभर जागे. तिथं मी बोलू कुणाशी?"