बिनखांबी उखाजी

उखाजी ठेकेदारांनी एखाद्या घरावर स्लॅब घातला, की त्या घरावर केव्हाही चढून उड्या मारायचा हक्क आपल्याला मिळाला असं ते धरून चालत. वास्तुशांतीला पाच वर्षं झालेली असोत, मालक जेवून आडवा झालेला असो, उखाजी बाहेरच्या जिन्यानं वर जात, धोतराचा सोगा खोचत आणि मधोमध उभं राहून दोन्ही पायांनी चार उड्या मारत. मग कठड्यावरून खाली वाकून, स्लॅब हलला का, असं विचारत, “हालना का?”

“नै हालना,” असं खालून उत्तर येईपर्यंत ते उतरत नसत. नंदुरबारच्या बाजारातले कापडवाले रतनशेठ एकदा दुपारच्या झोपेत होते. त्यांनी मुद्दाम उत्तर दिलं नाही. तेव्हा उखाजींनी रस्त्यावरून जाणाऱ्या दोन हमालांना वर बोलावलं आणि तिघांनी मिळून उड्या मारल्या. अखेर शेठाणीबाई कणकेच्या हातांनी अंगणात आल्या आणि नै हालना, नै हालना, आता उतरा, म्हणून त्यांनी हात जोडले.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांतली. तेव्हा आमच्याकडे सिमेंट मालगाडीनं येई आणि काँक्रीटचं छत असलेली घरं एका हाताच्या बोटांवर मोजता येत. उखाजी पंधरा वर्षं रेल्वेच्या मोऱ्या आणि पुलांवर राबले होते. लिहिणं-वाचणं नव्हतं, पण कुठली सळई कुठं वाकवायची हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. अंग काटकुळं, कोटाचे खिसे लोंबलेले, आणि एका खिशात काँक्रीटचा मुठीएवढा तुकडा. नवं गिऱ्हाईक आलं की तो तुकडा त्याच्या हातात देत आणि फोडून दाखव म्हणत.

लाकडाशी त्यांचं हाडवैर होतं. खांब दिसला की त्यांचा चेहरा कडू होई. “जठे खांब, तठे ठेकेदारनी लाज,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून गावानं त्यांना बिनखांबी हे नाव दिलं होतं, आणि ते त्यांना मनातून आवडायचं.

मला त्यांच्याकडे जावं लागलं ते माझ्या मायमुळं. आम्ही मूळचे जवळच्या कोरीट गावचे. वडील मी लहान असतानाच गेले. आमच्याकडची घरं धाब्याची. लाकडी सरांवर, म्हणजे आडव्या तुळयांवर, काटक्या-पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात त्यावर नवी खारी माती टाकावी लागते. माझी माय वीस वर्षं लोकांच्या धाब्यांवर ती माती डोक्यावरून वाहून टाकत होती. त्या मातीवर मी शिकलो, पुण्याला जाऊन बी. ए. झालो आणि नंदुरबारच्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो. घराण्यातला पहिला पदवीधर. मी एकच ठरवलं होतं. मायला अशा छताखाली ठेवायचं, की ज्यावर पुन्हा कुणाला माती टाकावी लागणार नाही.

उखाजींशी बोलायचं तर पायात चपला घालूनच जावं लागे. एका जागी थांबून बोलणं त्यांना जमत नसे. आमचा ठराव स्टेशनापासून सुरू झाला आणि गावच्या पाताळगंगा नदीच्या काठी संपला. मी घराचा नकाशा काढून नेला होता. तो त्यांनी चालता चालता उलटा धरून पाहिला आणि खिशात घातला. मी त्यांची परीक्षा घ्यायला गेलो होतो, पण प्रश्न तेच विचारत होते. घरात माणसं किती, विहीर किती लांब, आणि शेवटी, “एकवीस दिन पानी कोन पाजी?”

हा प्रश्न महत्त्वाचा होता. स्लॅब घातल्यावर तीन आठवडे त्यावर पाणी ठेवावं लागतं, नाहीतर तो कच्चा राहतो. एका मोठ्या घरच्या मालकानं गडी पाजेल असं उत्तर दिलं, तर उखाजींनी ते काम तिथंच सोडलं होतं. मी मायचं नाव सांगितलं. त्यांनी चालणं क्षणभर हळू केलं आणि काम घेतलं.

एक मोठी खोली आणि पडवी, एवढंच आमचं घर. स्लॅब घालायच्या दिवशी अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली बारा माणसं कामाला होती. बाया-पुरुषांची रांग, हातोहात वर जाणारी घमेली. एकदा सुरू केलेला स्लॅब मधे थांबवायचा नाही, हा उखाजींचा नियम. दिवसभरात त्यांनी त्या शिडीवरून किती चढउतार केली देव जाणे. रांगेतल्या एका बाईनं मला तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, की ह्या माणसाला घरी कुणी बसायला सांगत नाही का. सगळी रांग हसली. उखाजी हसले नाहीत. त्यांनी नुसतं घमेलं पुढं केलं.

मायनं एकवीस दिवस पाणी पाजलं. वर मातीचे वाफे करून दिले होते, ते ती काठोकाठ भरलेले ठेवायची. उखाजी रोज सकाळी येऊन वाफ्यात बोट बुडवून पाहत आणि मान डोलावत. छतावरचं काम तिच्या ओळखीचं होतं. दोघांचं चांगलं जमलं.

बाविसाव्या दिवशी खालच्या फळ्या आणि टेकू निघाले. उखाजी वर गेले, चार उड्या झाल्या, “हालना का?” झालं. मी अभिमानानं मायला हाक मारली. ती दारापर्यंत आली, वर पाहिलं आणि तिथंच थांबली.

“खाले लाकूड नै, खांब नै,” ती म्हणाली. “हाई कशावर उभं शे?”

मी पाटी घेऊन बसलो. सळया ताण कसा घेतात, भिंतींवर भार कसा जातो, सगळं काढून दाखवलं. तिनं कौतुकानं ऐकलं आणि उंबऱ्याच्या बाहेर राहिली. उखाजींनी वर ज्वारीची बारा पोती चढवली आणि स्वतः त्यांच्यावर चढून नाचले. माय खालून म्हणाली, “तू वर उड्या मारी ऱ्हायना, मी खाले मरसू.”

आठ दिवस ती बाहेरच्या ओट्यावर झोपली. चूल पडवीच्याही बाहेर, उघड्यावर मांडली. येणारे-जाणारे थबकायचे. पोरगा शिकला, नवं घर बांधलं आणि आईला बाहेर ठेवली, असं बोलणं शाळेपर्यंत पोचलं. मला वर्गात उभं राहवेना. नवव्या दिवशी मायनं गाठोडं बांधलं. उद्या कोरीटची बैलगाडी बाजारातून परत जाणार होती, तिच्यात बसून ती जाणार होती. रागावून नाही. माझ्यापायी तुला बोल नको, एवढंच म्हणाली.

मी उखाजींना गाठलं. त्यांच्याबरोबर तीन गल्ल्या चालत सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं खांबाचं वाक्य म्हटलं नाही. चौथ्या गल्लीत मला सोडून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मायची गाडी यायच्या आधी, ते सागाचा एक खांब घेऊन आले. तासलेला, वरच्या टोकाला नक्षीची लाकडी उशी बसवलेला. खोलीच्या मधोमध उभा केला, पायाशी दगड ठोकला. माझ्या कानाशी येऊन सांगितलं, की खांबाचं डोकं स्लॅबला लागत नाही, दोरीएवढी फट ठेवली आहे, उशीमुळं दिसत नाही. स्लॅबला त्याची गरज नाही, पण म्हातारीला सांगू नका.

माय आत आली. जन्मभर धाबी पाहिलेली बाई. तिनं खांबाभोवती एक फेरी घातली, त्यावर बोटांनी ठोकून आवाज ऐकला, आणि पाठ टेकून खाली बसली.

“काही भार उचलत नै हाऊ,” ती उखाजींना म्हणाली. “माले कळस. पन शे ना.”

एवढं बोलून तिनं मला गाठोडं आत आणायला सांगितलं.

उखाजी तोंडात मारल्यासारखे उभे होते. ते चालले नाहीत, हललेही नाहीत. मायनं त्यांना पाणी दिलं आणि सहज विचारलं, तुझ्या घरी कोण कोण असतं. त्यांनी तांब्या हातातच धरून सांगितलं ते असं. त्यांच्या घरी कुणी नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी गावातला पहिला स्लॅब त्यांनी स्वतःच्या घरावर घातला होता. बायको आत यायला तयार होईना. उखाजींनी तिला पोती दाखवली, उड्या मारून दाखवल्या, चारचौघांत तिला अडाणी म्हणाले. ती नवापूरला भावाकडे गेली, ती परत आली नाही.

“तिनी बी एकच खांब मांगा व्हता,” ते म्हणाले. “मी नै दिधा.”

“मंग आते दे,” माय म्हणाली.

गाडीवाल्याला मी दारातूनच परत पाठवलं. आत आलो तर उखाजी खांबाभोवती फेऱ्या घालत होते. मला म्हणाले, मास्तर, एक पत्र लिहा. पत्र मेहुण्याच्या नावानं, कारण बायकोचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. सुरुवातीला त्यांनी खांबाचंच वर्णन सांगितलं, साग कुठला, जाडी किती, दगड कोणता. मी लिहीत गेलो. अर्धं पान झाल्यावर ते सगळं त्यांनी खोडायला लावलं. दुसऱ्या कागदावर एवढंच राहिलं:

“तिले सांगजो, खांब लावा शे. मजबूत शे का नै, येईसन पाही जा.”

मी आपल्या शिक्षणाला शोभेलशी एक ओळ पुढं जोडू का म्हणून विचारलं. त्यांनी कागद माझ्या हातून काढून घेतला. पत्र नवापूरला कधी पोचेल, एवढंच विचारलं. आज टपालात पडलं तर परवा घरात, मी म्हणालो. ते तेव्हाच उंबऱ्याबाहेर पडले होते. एकाएकी मला सुचलं, म्हणून मी मागून विचारलं, की तुमच्या घरी खांब लावला कधी.

“आजून नै लावा,” लाकडाच्या वखारीच्या वाटेला वळत उखाजी म्हणाले. “दोन दिन शेतस ना.”